मुंबई ते दिल्ली : सव्वादोन तास जातात कुठे?

मुंबई ते दिल्ली अंतर किती, असं चार जणांना विचारा. चार आकडे मिळतील आणि चारही बरोबर असतील. राजधानीनं जाणारा १,३८४ किलोमीटर सांगेल. मुंबई सेंट्रल ते नवी दिल्ली हे रेल्वेचं अंतर. सीएसएमटीवरून कसारा घाट चढून भुसावळ, भोपाळमार्गे जाणारा दीड हजाराच्या वरचा आकडा सांगेल. ट्रकवाला चौदाशेच्या पुढेमागे म्हणेल. विमानतळ ते विमानतळ सरळ रेघ मारली तर मात्र अंतर भरतं सुमारे १,१४० किलोमीटर.

विमानाच्या तिकिटावर यातला एकही आकडा नसतो. तिथे फक्त वेळ असते : सुटण्याची, पोहोचण्याची आणि मधले सव्वादोन तास. आता जेट विमान वर गेल्यावर ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास उडतं. ११४० भागिले ८३०, म्हणजे एक तास बावीस मिनिटं. मग उरलेली पन्नासेक मिनिटं कुठे गेली? दोन शहरांमधल्या विमानप्रवासाचं जवळपास सगळं राजकारण, अर्थकारण आणि हवामान या पन्नास मिनिटांत दडलेलं आहे. किलोमीटर वर्षानुवर्षं तेवढेच राहिले; हलते आहेत ती मिनिटं.

अंतराचा भाग आधी उरकून घेऊ, तिथे आता वाद फारसा उरलेला नाही. तो मिटवायला मात्र माणसांची आयुष्यं गेली. विल्यम लॅम्बटननं १८०२ मध्ये मद्रासजवळ भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची पायारेषा मोजली आणि तिथून त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे सरकत राहिला. १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला तो वारला. काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टनं नेलं. नागपूरचा झीरो माइलचा दगडी खांब आणि त्याच्याजवळचे घोडे त्याच सर्वेक्षणाच्या परंपरेतले. आज तेच काम अक्षांश-रेखांशावरून कागदावर होतं. सांताक्रूझचा विमानतळ १९ अंश ५ मिनिटं उत्तरेला, दिल्लीचा २८ अंश ३४ मिनिटं. फरक ५६९ मिनिटांचा. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर. झाले १,०५४ किलोमीटर उत्तरेकडे. पूर्वेकडे सव्वाचार अंश सरकायचं आहे, त्या पट्ट्यात ते ४३० किलोमीटर होतात. शाळेतला पायथागोरस लावा, उत्तर १,१४० च्या अगदी जवळ येतं. पृथ्वी गोल असल्यामुळे लांब अंतराला हा हिशेब फसतो. मुंबई–न्यूयॉर्कची सर्वांत जवळची वाट भिंतीवरच्या नकाशावर उत्तरेकडे भलतीच वाकलेली दिसते ती त्याचमुळे. पण दिल्लीपुरतं पायथागोरसवर भागतं.

ही सरळ रेघ नकाशावर काढली की एक मजेची गोष्ट दिसते. ती रतलाम, कोटा, दौसा या गावांच्या जवळून जाते. म्हणजे पश्चिम रेल्वेची जुनी वाट रतलाम आणि कोट्यापर्यंत आणि नवा दिल्ली–मुंबई द्रुतगती मार्ग दौशाजवळ, दोघंही या रेघेला धरून आहेत. रेल्वेचं अंतर हवाई अंतरापेक्षा जेमतेम वीस-बावीस टक्क्यांनी जास्त आहे, ते यामुळे. नागपूरचं उदाहरण आणखी बोलकं. मुंबई–नागपूर हवाई अंतर ६८० किलोमीटरच्या आसपास, रेल्वेनं ८३७, आणि जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झालेला समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमण्यापासून नागपूरपर्यंत ७०१. रस्त्यानं अंतर कापण्याच्या बाबतीत आता विमानाशी बरोबरी करायची फारशी जागाच उरलेली नाही. उरते ती वेगाची.

तर मग त्या पन्नास मिनिटांकडे येऊ.

विमान कंपन्या जी वेळ छापतात तिला त्यांच्या भाषेत ब्लॉक टाइम म्हणतात. चाकांमागचे ठोकळे काढून विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभं राहिलं की थांबतं. म्हणजे उड्डाणाची वेळ आणि तिकिटावरची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिकिटावर सकाळी सात लिहिलं असेल तर सातला विमान आकाशात नसतं; सातला ते ट्रॅक्टरच्या दांड्यानं मागे ढकललं जात असतं.

मुंबईत इथपासूनच रांग. मुंबईला धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी कामाला येते एकच. मोठी पूर्व-पश्चिम, साडेतीन हजार मीटरच्या आतबाहेर. दुसरी तिच्यापेक्षा आखूड. एवढ्या एका पट्टीवर चोवीस तासांत हजारावर विमानं चढवण्या-उतरवण्याचा पराक्रम मुंबईनं केला आहे. पराक्रम खराच, पण त्याची किंमत प्रवासी रांगेत मोजतो. विमान हललं तरी पट्टीच्या तोंडाशी पोहोचून वर उठायला पंधरा-वीस मिनिटं सहज लागतात. सहसा पश्चिमेकडे उड्डाण होतं, खाली जुहूचा किनारा सरकतो आणि समुद्रावर उजवीकडे वळण घेऊन विमान उत्तरेला लागतं.

दहा हजार फुटांखाली वेगाला मर्यादा असते, २५० नॉट. म्हणजे चढतानाचा आणि उतरतानाचा काळ पूर्ण वेगाचा नसतोच. वर गेल्यावर पूर्वेकडे जाणाऱ्या विमानांना विषम हजारांची उंची, पश्चिमेकडे जाणाऱ्यांना सम हजारांची. दिल्लीची दिशा किंचित पूर्वेकडे असल्यानं जाताना वैमानिक ३५ किंवा ३७ हजार फूट जाहीर करतो आणि परतताना ३४ किंवा ३६. पुढच्या वेळी कान देऊन ऐका. तिथून उतरायला सुरुवात करायची ती दिल्लीच्या बरीच आधी, कारण ३५ हजार फुटांवरून सावकाश खाली यायला दोनशेएक किलोमीटर लागतात. म्हणजे दौशाच्या आसपासच इंजिनांचा आवाज मंदावतो आणि कानाला दडे बसायला लागतात. मग दिल्लीच्या आसमंतात पुन्हा रांग, नियंत्रकानं दिलेली वळणं, आणि उतरल्यावर टर्मिनल तीनपर्यंतची ती लांबलचक जमिनीवरची सफर. दिल्लीत चार धावपट्ट्या आहेत. शेवटच्या पट्टीवर उतरलात तर खिडकीतून अर्धी दिल्ली पाहून होते.

हे सगळं जुळवलं की हवेतला वेळ पावणेदोन तासांच्या आतबाहेर भरतो आणि जमिनीवरचा वेळ अर्ध्या तासाच्या. शिवाय वाट कधी शाळेच्या पट्टीसारखी सरळ नसते. हवाई मार्ग ठरलेल्या बिंदूंवरून जातात आणि हवाई दलासाठी राखलेली आकाशं टाळावी लागतात. मोबाइलवर दोन शहरांची नावं टाकली की अंतर आणि वेळ सांगणारी साधनं असतात. त्यांतल्या बऱ्याच साधनांचा हिशेब ठोकळ असतो : ताशी आठशे किलोमीटर धरा आणि चढउतारासाठी अर्धा तास मिळवा. मुंबई–दिल्लीला हे उत्तर एक तास पंचावन्न मिनिटं येतं. तिकिटावर त्याहून वीस मिनिटं जास्त. या वीस मिनिटांतली काही कंपनीनं जाणूनबुजून घातलेली असतात.

कंपनीनं वेळ फुगवण्याचं कारण सरळ आहे. जगभर वेळापत्रकाच्या पंधरा मिनिटांच्या आत पोहोचलेलं विमान वेळेवर धरलं जातं. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय दर महिन्याला कुठली कंपनी किती टक्के वेळेवर याचे आकडे प्रसिद्ध करतं आणि जिचे आकडे चांगले ती जाहिरात करते. मग थोडी उशी ठेवून वेळ छापायची, लवकर पोहोचलं की हवाई सुंदरीनं ‘नियोजित वेळेच्या वीस मिनिटं आधी’ असं अभिमानानं सांगायचं. प्रवाशालाही बरं वाटतं. माझ्या मते यात सगळीच लबाडी नाही. मुंबईच्या रांगेत कुठल्या दिवशी दहा मिनिटं जातील आणि कुठल्या दिवशी चाळीस, हे कुणालाच सांगता येत नाही. कंपनीला वैमानिकांच्या कामाचे तास, त्याच विमानाची पुढची फेरी, पुढचं विमान पकडणारे प्रवासी असं सगळं बांधायचं असतं. पण उशी घातल्यामुळे विमानतळाचा दोष झाकला जातो, हेही तितकंच खरं. उशीर वेळापत्रकातच छापून टाकला की तो उशीर राहत नाही.

एकदा मात्र या मिनिटांना थेट रुपयांत भाव आला होता. करोनाच्या टाळेबंदीनंतर २५ मे २०२० ला देशांतर्गत विमानं पुन्हा सुरू झाली, तेव्हा सरकारनं भाड्याला किमान आणि कमाल मर्यादा घातल्या. त्या किलोमीटरवर नाही, उड्डाणाच्या वेळेवर ठरवल्या. चाळीस मिनिटांच्या आत, चाळीस ते साठ, साठ ते नव्वद अशा सात पायऱ्या. मुंबई–दिल्ली बसवली नव्वद ते एकशेवीस मिनिटांच्या पायरीत : किमान ३,५०० रुपये, कमाल १०,०००. तिकिटावरची वेळ दोन तासांच्या वर असताना सरकारी पायरी दोन तासांच्या आतली. सरकारनं उडण्याचा वेळ धरला, कंपनी छापते ती विमान जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतची, आणि प्रवासी दोन्हींमध्ये लटकलेला. पुढची पायरी लागली असती तर किमान भाडं हजार रुपयांनी वाढलं असतं. ३१ ऑगस्ट २०२२ ला या मर्यादा उठल्या.

दुसरा प्रसंग मुंबईचाच. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयानं मुंबईच्या गर्दीच्या तासांतल्या फेऱ्या ताशी ४६ वरून ४४ वर आणायला सांगितलं. कारण देताना म्हटलं होतं की विमानं शहरावर चाळीस ते साठ मिनिटं घिरट्या घालतात. दिल्लीहून निघालेलं विमान सव्वा-दीड तासात पालघरच्या वर यायचं आणि मग तिथेच तासभर गोल फिरायचं, असा तो प्रकार. इंधन जळायचं ते वेगळं. धावपट्टी वाढवता येत नाही, चहूबाजूंनी वस्ती. मग फेऱ्या कमी करणं एवढंच हातात उरतं. मुंबईचं आकाश लांब नाही, अरुंद आहे.

तुम्ही म्हणाल, विमानं अधिक वेगानं उडवा की. इथे इतिहास थोडा चकित करतो. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं, ते विमान, पुस मॉथ, आजच्या महामार्गावरच्या वेगवान गाडीपेक्षा फार पुढे नव्हतं. त्यानंतर डाकोटा आल्या, व्हायकाउंट आली, जेट आलं. तीस वर्षांत वेग पाचपट झाला. आणि तिथे थांबला. १९६० मध्ये एअर इंडियाचं बोइंग ७०७ ज्या वेगानं लंडनला जायचं, त्यापेक्षा आजचं एअरबस ३२० काकणभर हळूच उडतं. १९७३ नंतर तेल महागलं आणि जगभरातल्या विमान कंपन्यांना कळलं की दहा मिनिटं वाचवण्यासाठी जळणारं इंधन परवडत नाही. कॉन्कॉर्डनं ध्वनीच्या दुप्पट वेग दाखवला, पण २००३ मध्ये तेही बंद पडलं. म्हणजे साठ वर्षांत विमानाचा वेग वाढला नाही आणि विमानतळावरची गर्दी मात्र कितीतरी पटींनी वाढली. प्रवास लांबला नाही तरच नवल.

त्याच इतिहासात नागपूरचं एक पान आहे, ते वगळवत नाही. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री विमानं सुटत, मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या पिशव्या आणि प्रवासी अदलाबदली करत आणि पहाटे आपापल्या गावी परत. नागपूरवरून मुंबई–दिल्ली म्हणजे सरळ वाटेपेक्षा चारशे किलोमीटरांचा फेरा. पण संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र सकाळी दिल्लीत पोहोचायचं. तेव्हाच्या नियोजकांनी किलोमीटर मोजले नाहीत, सकाळ मोजली. आजच्या हब-पद्धतीच्या विमान कंपन्यांपेक्षा ती कल्पना मागे नव्हती.

वारा हा या सगळ्यातला सर्वांत मोठा बेभरवशाचा भागीदार. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा उच्चस्तरीय वारा वाहतो. मुंबई–दिल्ली मार्ग जवळपास दक्षिणोत्तर असल्यानं त्यावर तो आडवा येतो, फारसा फायदा नाही, फारसा तोटाही नाही. मुंबई–कोलकाता मार्गावर मात्र जाताना पाठीवर आणि येताना तोंडावर. वेळापत्रकात येण्याजाण्याच्या वेळांत पंधरा-वीस मिनिटांचा फरक दिसतो, तो मुख्यतः याचाच. लंडनहून मुंबईला येताना जाण्यापेक्षा पाऊण-एक तास कमी लागतो, तोही याचाच. आणि या बाबतीतलं सर्वांत देखणं उदाहरण दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोचं. एअर इंडिया हे विमान अटलांटिकवरून नेत असे : सुमारे १३,९०० किलोमीटर, साडेसोळा तासांच्या आसपास. ऑक्टोबर २०१६ मध्ये तेच विमान उलट दिशेनं, प्रशांत महासागरावरून नेलं. वाट १५,३०० किलोमीटरची झाली आणि वेळ साडेचौदा तासांवर आली. चौदाशे किलोमीटर जास्त, दोन तास कमी. अंतरावरून वेळ ठरते हा समज इथे मोडतो.

वाऱ्यानं दिलेलं सरहद्द काढून घेते. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर पाकिस्तानचं आकाश बंद झालं ते जुलैपर्यंत. इंडिगोच्या दिल्ली–इस्तंबूल विमानाला, एरवी सरळ जाऊ शकणाऱ्या, दोह्याला इंधनासाठी उतरावं लागत होतं. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर तेच आकाश पुन्हा बंद झालं आणि इंडिगोला अल्माटी आणि ताश्कंदच्या फेऱ्याच थांबवाव्या लागल्या. फेरा मारून जाण्याइतका पल्ला त्या विमानांना नव्हता. दिल्लीहून ताश्कंद अंतरानं मुंबई–दिल्लीपेक्षा फार लांब नाही, हे इथे नोंदवून ठेवण्यासारखं. नकाशावरचं शेजारगाव विमानाच्या दृष्टीनं एका रात्रीत दूरदेश होऊ शकतं. मुंबई–दिल्लीला या भानगडीतून सूट आहे, सगळी वाट घरच्या आकाशातली.

आता घर ते घर. ब्लॉक टाइम सव्वादोन तासांचा, पण डोंबिवलीहून सांताक्रूझ, दोन तास आधी हजेरी, सामान, सुरक्षा, आणि दिल्लीत उतरल्यावर सामानाचा पट्टा आणि मेट्रो, असं सगळं धरलं तर सहा-सात तासांच्या खाली भागत नाही. अंधेरीकराचं पाचात भागतं. म्हणून ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबईचा लोकनेते दि. बा. पाटील विमानतळ हवाई अंतरात काहीच फरक करत नसला, तरी पनवेल, ठाणे, अगदी पुण्याच्या पश्चिमेच्या माणसाच्या तासांत करू शकतो. राजधानीला साडेपंधरा तास लागतात, पण त्यातले आठ झोपेचे; संध्याकाळी बसलेला माणूस सकाळी शहराच्या मध्यात उतरतो. निवृत्त माणसांमध्ये राजधानीचे भक्त अजून टिकून आहेत, ते उगाच नाही.

अंतर जसं कमी होतं तसा विमानाचा दावा कमकुवत होतो. फ्रान्सनं २०२३ मध्ये जिथे अडीच तासांच्या आत रेल्वेनं जाता येतं अशा पॅरिस–लियाँसारख्या काही मार्गांवरची देशांतर्गत विमानं बंदच केली. आपल्याकडे मुंबई–अहमदाबाद हवाई अंतर ४४० किलोमीटरच्या आसपास, बुलेट ट्रेनचा मार्ग ५०८ किलोमीटरचा आणि अपेक्षित वेळ जलद गाडीला दोन तासांच्या किंचित वर. ती खरोखर धावू लागली तर सव्वा तासाच्या विमानासाठी दोन तास आधी विमानतळावर जाणारा माणूस सापडणं कठीण. नागपूरबद्दल माझं मत वेगळं आहे. समृद्धीनं आठ तास आणि विमानानं घर ते घर साडेचार, म्हणजे विमान अजून पुढे. पण चौघांचं कुटुंब असेल तर गाडी काढणारा वेडा नाही.

दिल्लीला मात्र विमानाला पर्याय नाही, फक्त दिवस बघून जावं. डिसेंबरच्या उत्तरार्धात आणि जानेवारीत पहाटे दिल्लीवर धुकं उतरतं. दिल्लीच्या धावपट्ट्यांवर अगदी कमी दृश्यतेतही उतरवणारी यंत्रणा आहे, पण त्यासाठी विमान आणि वैमानिक दोघंही त्या श्रेणीचे लागतात, आणि दोन विमानांमधलं अंतरही वाढवावं लागतं. मग सव्वादोन तासांचे चार होतात, नाहीतर विमान जयपूरला उतरतं. त्या दिवसांत सकाळी अकराला दिल्लीत बैठक असेल तर पहाटेचं पहिलं विमान घेऊ नका. आदल्या दिवशी दुपारचं घ्या, आणि उरलेल्या संध्याकाळी चाँदनी चौकात जेवून या.